पोटरीतला गोळा

बाळ अकरा दिवसांचं होतं आणि माझ्या डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखायला लागलं. मला वाटलं रात्ररात्र वेडंवाकडं बसून पाजतेय त्यामुळे असेल. आई चोळून देते म्हणाली पण तेवढा वेळ कुणाला होता (बरंच झालं, असा पाय चोळायचा नसतोच). दोन दिवसांनी लेगिंग डाव्या पायात चढेना तेव्हा शिवणाची टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या, साडेतीन सेंटीमीटरचा फरक! डॉप्लर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केल्यावर कळलं की डीव्हीटी आहे, म्हणजे पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून लगेच हेपरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, इंजेक्शनं सुरू.

गंमत अशी की गर्भनिरोधक गोळ्यांवरून मला सगळ्यांनी घाबरवलं होतं, बाळंतपणाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. आणि आकडे बघा, दहा हजार बायकांमागे वर्षाला गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १ ते ५ जणींना गुठळी होते, इस्ट्रोजेन हार्मोनवाली गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या ३ ते ९ जणींना, गरोदरपणात ५ ते २० आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत वर्षाच्या हिशोबाने ४० ते ६५. त्यातही पहिले सहा आठवडे जास्त धोक्याचे, सिझेरियन झालं असेल तर अजूनच. बाळंत होताना रक्त फार जाऊ नये म्हणून शरीर आधीपासूनच रक्त लवकर गोठेल अशी तयारी करून ठेवतं, आणि ती तयारी बाळ झाल्यावर लगेच उतरत नाही. डावाच पाय का, तर उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते आणि गरोदरपणात ती शीर तिथे अजूनच दाबली जाते.

गोळीचा धोका सुरुवातीच्या वर्षात सगळ्यात जास्त असतो. नुसत्या प्रोजेस्टेरॉनवाल्या मिनी पिलने तो वाढत नाही. पण पाळी पुढे ढकलायला जी नॉरएथिस्टेरॉन घेतात तिचा जास्त डोसमध्ये थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनच होतो, आणि ती तर आपण मैत्रिणीकडून मागून घेतो, डॉक्टरला विचारतं कोण!

एकच पाय सुजला, गरम लागला की त्याच दिवशी दाखवा. दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली तर सरळ इमर्जन्सीत जा, सकाळची वाट बघत बसू नका.

मागच्या वर्षी आईला मेनोपॉजच्या हॉट फ्लॅशेससाठी हार्मोनच्या गोळ्या लिहून देत होते. ती म्हणाली, थांबा, माझ्या मुलीला गुठळी झाली होती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, माझी सगळी हिस्ट्री विचारली आणि गोळीऐवजी कातडीवर चिकटवायचा पॅच दिला, कारण पॅचमधलं इस्ट्रोजेन कातडीतून थेट रक्तात जातं, गोळीसारखं आधी लिव्हरमधून जात नाही, त्यामुळे गुठळीचा धोका तसा वाढत नाही. घरी येऊन मला म्हणाली, तुझा पाय मला उपयोगी पडला बघ.