उंदराला थंडी वाजत होती

“माणसांसाठी पेट स्कॅनर आहेच ना? त्यातच उंदीर ठेवायचा. त्याच्यासाठी वेगळं मशीन कशाला, आणि इतकी वर्षं तुम्ही त्यात सुधारता तरी काय?” हे मला नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात, कधीकधी डॉक्टरही विचारतात. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर दर वेळी अपुरं राहतं, म्हणून आज नीट बसून लिहिते आहे. पेट म्हणजे शरीरात किरणोत्सारी द्रव्य टोचून ते कुठे साठतं याचं चित्र काढणारं तंत्र.

माणूस 70 किलोचा धरला आणि उंदीर 25 ग्रॅमचा, तर वजनात 2800 पट फरक पडतो. रुग्णालयातल्या स्कॅनरला साधारण 4 ते 6 मिलिमीटर अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. माणसाच्या यकृतातली गाठ शोधायला तेवढं पुरतं. उंदराच्या हृदयाची भिंत मात्र जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. त्या मशीनमध्ये त्याचं अख्खं हृदय म्हणजे एक धुरकट ठिपका. शिवाय इवल्याशा गाठीतला किरणोत्सार चित्रात आजूबाजूला पसरतो, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा फिकी दिसते. औषधाने गाठ शांत झाली की ती फक्त लहान झाल्यामुळे फिकी दिसते आहे, हे मग सांगता येत नाही. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात घातक चूक हीच, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

मशीनमध्ये काय करता येतं? शरीरात सोडलेल्या द्रव्यातून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन विद्युतभार असलेला जुळा कण, बाहेर पडतो, थोडा भटकतो, इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. फ्लोरिन-18 या किरणोत्सारी मूलद्रव्याचा पॉझिट्रॉन सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भटकतो, गॅलियम-68चा जवळजवळ तीन मिलिमीटर. ते भटकणं कोणत्याही डिटेक्टरला थांबवता येत नाही. द्रव्य निवडतानाच त्याचा विचार करावा लागतो. पण ते दोन किरण अगदी सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे होणारी चूक प्राण्याभोवती किरण टिपणाऱ्या डिटेक्टरांचं जे कडं असतं ते लहान केलं की कमी होते, आणि जास्त किरणही हाती लागतात. 1997 साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सायमन चेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान प्राण्यांसाठीचा मायक्रोपेट स्कॅनर मांडला, तो 2 मिलिमीटर रुंदीचे बारीक स्फटिक वापरून. गॅमा किरण अशा स्फटिकात थांबला की प्रकाश चमकतो, आणि तो डिटेक्टर टिपतो. आज एक मिलिमीटरच्या आसपासचा तपशील मिळतो. कडं लहान केलं की तिरका आलेला किरण एका स्फटिकातून घुसून शेजारच्यात थांबतो आणि आपण त्याचा उगम चुकीच्या जागी मांडतो. म्हणून तो किती खोलीवर थांबला हेही मोजावं लागतं. उदाहरणार्थ, स्फटिकाच्या दोन्ही टोकांना प्रकाश टिपणारे डिटेक्टर बसवून.

स्पेक्ट, म्हणजे एकेकटा गॅमा किरण टिपून चित्र काढणारं दुसरं तंत्र, त्याची वाट निराळी. तिथे सूचिछिद्र कॅमेऱ्याचं जुनं तत्त्व कामी येतं. प्राणी छिद्राच्या अगदी जवळ ठेवला की डिटेक्टरवर मोठी प्रतिमा पडते. एका छिद्रातून फार थोडे किरण येतात, म्हणून छिद्रं अनेक ठेवतात.

आता जे मी उभ्या उभ्या कधीच सांगू शकत नाही ते. कामाच्या पहिल्या वर्षी एका उंदराच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध आणि मानेपाशी मला झगझगीत ठिपके दिसले. कर्करोग पसरला, असं मी वहीत लिहून टाकलं. नंतर त्या जागेचं ऊतक तपासलं, तर ती होती तपकिरी चरबी. ही चरबी साखर जाळून ऊब निर्माण करते, आणि आम्ही टोचलेलं द्रव्य म्हणजे फ्लोरिन-18 जोडलेली साखरच. उंदराला 30 अंश सेल्सियसच्या आसपास बरं वाटतं. आमची खोली होती 21 अंशांवर. वर भूल दिली की त्याचं अंग भराभर गार पडतं. त्या उंदराला थंडी वाजत होती, आणि ती थंडी मी रोग म्हणून वाचली.

त्यानंतर आम्ही टोचण्याच्या आधी अर्धा तास उंदरांना उबेत ठेवू लागलो. स्कॅन संपेपर्यंत अंगाखालची ऊब काढायची नाही, आणि आधी काही तास उपाशी ठेवायचं. मशीन तेच, स्फटिक तेच. खांद्यांमधले ठिपके विझले आणि गाठ उठून दिसू लागली. मी पाहिलेली सगळ्यात मोठी सुधारणा ती.

टोचण्याचंही तसंच आहे. 25 ग्रॅमच्या उंदरात दोन मिलिलिटरही रक्त नसतं, आणि शेपटीच्या शिरेत दोन दशांश मिलिलिटर द्रव्य सोडायचं असतं. सुई जराशी चुकली, द्रव्य शेपटीतच राहिलं, की पुढचे सगळे आकडे बिघडतात. म्हणून शेपटीतलं द्रव्यही मोजायचं, असा माझा हट्ट असतो.

गणिताने चित्र तीक्ष्ण करणारी तंत्रं खूप उपयोगी आहेत, पण कधी ती कडा आहेत त्यापेक्षा उजळ दाखवतात. म्हणून नवं चित्र समोर आलं की मी आधी नेमा या अमेरिकेतल्या विद्युत उपकरण उत्पादकांच्या संघटनेच्या 2008 सालच्या मानकातल्या चाचणी-नमुन्याचा निकाल मागते. त्यात 1 ते 5 मिलिमीटर व्यासाच्या पाच नळ्या असतात. त्यांत ठाऊक असलेलं प्रमाण भरायचं आणि 1 मिलिमीटरच्या नळीत त्यातलं किती परत दिसतं ते पाहायचं.

एवढा खटाटोप का? पूर्वी औषधाचा परिणाम सहा वेगवेगळ्या दिवशी पाहायचा, तर दर वेळी पाच उंदीर मारावे लागत, म्हणजे तीस. आता त्याच पाच उंदरांना सहा वेळा पाहता येतं. मात्र प्रत्येक स्कॅनबरोबर त्यांच्या अंगात किरणोत्साराची मात्रा साठते, म्हणून कमी द्रव्यात चांगलं चित्र देणारा डिटेक्टर हवा. आणि मोजमाप डळमळीत असेल, तर खात्री करायला आणखी उंदीर लागतात.

भुलेचा प्रश्न अजून उरलाच आहे. भूल दिलेल्या मेंदूचं चित्र हे जाग्या मेंदूचं चित्र नव्हे. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत घुशीएवढ्या पांढऱ्या उंदराच्या डोक्यावर बसेल असं छोटं पेट कडं तयार झालं आणि जागा प्राणी हालचाल करत असताना त्याचा मेंदू पाहता आला. पंचवीस ग्रॅमच्या उंदराच्या डोक्यावर मात्र तसं ओझं ठेवता येत नाही. तिथे त्याला मोकळं सोडून, त्याची प्रत्येक हालचाल टिपून, ती चित्रातून वजा करावी लागते. सध्या माझे दिवस त्यातच जातात.