ट्यूबलाइट बंद करा, काका

आमच्या बँडचा पहिला कार्यक्रम सांगलीत एका मंगल कार्यालयात झाला. पाच जण, अकरा गाणी. घरी येऊन व्हिडिओ लावला तर पडद्यावर बँड कुठे दिसेना, सोसायटीच्या वार्षिक सभेला जमलेले पाच सभासद दिसत होते. डोक्यावर ओळीनं बारा ट्यूब, मागे गुलाबी झालर, तिच्यावर आदल्या दिवशीच्या बारशाची सोनेरी अक्षरं. वाजवलं बरं होतं हो. पण डोळे मिटून ऐकलं तरच.

मग ‘लाइट घ्यायला पाहिजेत’ हे ठरलं. आमच्या ड्रमरच्या डोळ्यांसमोर लगेच शार्पी, म्हणजे आभाळात सरळ झोत फेकणारा तो फिरता दिवा. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर चढवलेल्या शार्पी बघतच आम्ही मोठे झालो, त्यामुळे त्याचा दोष नाही. पण शार्पीचा झोत दिसायला वर मोकळं आभाळ लागतं आणि हवेत धूर किंवा धूळ लागते. चौदा फुटी स्लॅबखाली ती लावली की छतावर एक पांढरा ठिपका फिरत राहतो, बास. लेझरचं नाव तर मी काढूच दिलं नाही. मिरवणुकीतल्या लेझरनं डोळे गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, पुण्यात २०२४ च्या गणेशोत्सवात पोलिसांनी त्यावर बंदीही घातली होती. स्वस्तातल्या हिरव्या लेझरवर लिहिलेली पॉवर खरी असतेच असं नाही, आणि पहिल्या रांगेत आमचेच आईबाप बसलेले असतात.

मी कीबोर्ड वाजवतो. कॉलेजात मात्र एकांकिकांच्या प्रकाशयोजनेत लुडबुड करायचो, म्हणजे शिडी धरायचो आणि जिलेटिनचे कागद कापायचो. तिथे शिकलेली एकच गोष्ट इथे कामाला आली: काळोख फुकट मिळतो. आधी तो घ्यायचा, मग दिवे विकत घ्यायचे.

दुसऱ्या कार्यक्रमाला मी हॉलच्या वायरमन काकांना गाठलं.

“काका, गाणी सुरू झाली की ट्यूब बंद कराल का?”

“सगळ्या?”

“सगळ्या. दाराजवळची एक राहू दे.”

“अहो, मग तुम्ही दिसणार कसे?”

दिसण्यासाठी आम्ही चार एलईडी पार घेतले होते, पार म्हणजे स्टेजवरचे डब्यासारखे दिवे. प्रत्येकात ३ वॅटचे ५४ छोटे एलईडी, किंमत प्रत्येकी १८०० रुपये. जुना हॅलोजन पार एकटा १००० वॅट खायचा, चार लावले की वायरमनच्या कपाळाला आठ्या. हे चारही मिळून ६५० वॅटच्या पुढे जात नाहीत, म्हणजे भिंतीतल्या एका पॉइंटवर निभावतं. फक्त तो पॉइंट साउंडवाल्यांचा नको. एका बोर्डावर लाइट आणि गिटारचा अँप एकत्र लावला होता, तेव्हा मंद गाण्यात मागून भुंगा ऐकू येत होता.

चारही समोरून लावायचे हा सगळ्यांचा पहिला विचार असतो, आमचाही तोच होता. समोरून सपाट उजेड पडला की माणूस आधार कार्डावरच्या फोटोसारखा दिसतो. आता दोन पार मागे जमिनीवर असतात, ड्रमच्या दोन्ही बाजूंना, तोंड वर करून. त्यांचा उजेड आमच्या पाठीवर, खांद्यांवर, केसांच्या कडांवर पडतो आणि गुलाबी झालर आपोआप काळोखात जाते. उरलेले दोन समोरून, पण कोपऱ्यांतून, जुन्या स्पीकर स्टँडवर आठ फूट उंचीवर. समोरच्यांना रंग द्यायचा नाही. हिरव्यात गाणारी आजारी दिसते, निळ्यात पाण्यात बुडालेली. या स्वस्त पारचा पांढराही दवाखान्यातला असतो, म्हणून त्यात थोडा लाल आणि किंचित हिरवा मिसळून तो बल्बच्या पिवळटपणाकडे आणायचा. वर बटर पेपर चिकटवला की कडा मऊ होतात. (हे एलईडीलाच जमतं, आणि मागची हवेची भोकं मोकळी ठेवून. हॅलोजनवर कागद लावाल तर अग्निशमन दलाला फोन करावा लागेल.)

दिवे चालवतो मीच, वाजवता वाजवता. दिव्यांना केबलमधून हुकूम द्यायची डीएमएक्स ही पद्धत १९८६ सालची, एका केबलमधून ५१२ चॅनेल, म्हणजे ५१२ वेगवेगळे हुकूम जातात. आमच्या चार पारना प्रत्येकी ८, म्हणजे ३२ पुरतात. पारच्या पाठीवर चार बटणं आणि छोटा डिस्प्ले असतो, त्यावर पहिल्याला १, दुसऱ्याला ९, मग १७, मग २५ असे पत्ते द्यायचे. लॅपटॉपवर क्यूएलसी प्लस नावाचं फुकट सॉफ्टवेअर, लॅपटॉप आणि केबलच्या मध्ये १४०० रुपयांचा यूएसबी डोंगल. लॅपटॉपला जोडलेल्या माझ्या छोट्या मिडी कीबोर्डवर आठ पॅड आहेत, त्यांतल्या सहांवर दिव्यांचे सहा देखावे बसवलेत. सातव्यावर संपूर्ण काळोख. आठवा मोकळाच ठेवलाय, घाईत बोट चुकतं.

त्या सातव्या पॅडइतकी टाळ्या मिळवून देणारी वस्तू आमच्या बँडमध्ये नाही. पूर्वी गाणं संपलं की लोक एकमेकांकडे बघायचे, संपलं का अजून आहे? आता शेवटच्या ठोक्यावर मी काळोख करतो आणि हॉल एकदम वाजतो.

एकदा फजितीही झाली. एका कॉलेजच्या कार्यक्रमात आमची गायिका आईवरचं गाणं म्हणत होती, अगदी हळू, नुसत्या गिटारवर. कुणाचा तरी पाय केबलला लागला, पिन निसटली, आणि सिग्नल तुटल्याबरोबर मागचे दोन पार आपल्या मनानं आवाजावर नाचायच्या मोडमध्ये गेले. गिटारच्या प्रत्येक तारेला लाल, हिरवा, जांभळा. मुलं हसायला लागली. तिनं डोळे मिटून गाणं पूर्ण केलं, आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून केबल जमिनीला कापडी टेपनं चिकटलेली असते, आणि सिग्नल गेला तर जागच्या जागी थांबायची सेटिंग पारच्या मेनूत शोधून ठेवली आहे. शेवटच्या पारच्या आउटमध्ये १२० ओमचा रेझिस्टर लावलेली पिनही खोचतो, पिनेच्या दोन आणि तीन नंबरच्या टोकांमध्ये. पाच रुपयांचं काम आहे. ती नव्हती तेव्हा लांब केबलवर दिवे अधूनमधून उगाच फडफडायचे.

मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांसाठी एक: व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून बघा. आणि पार फार मंद करू नका. मंद केला की तो खरं तर भराभर उघडमीट करत असतो, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

आता व्हिज्युअल्स, म्हणजे बँडच्या मागे पडद्यावर हलणारी चित्रं. प्रोजेक्टर भाड्यानं आणून झाला. ३००० ल्युमेनचा होता, पण आमचे पार लागले की पडद्यावरचं चित्र धुतल्यासारखं पांढरं. वर गाण्याचे शब्द टाकले होते, तर लोक दीड तास वाचत बसले, आमच्याकडे बघेनात.

मग भंगारवाल्याकडे ओएचपी दिसला. ओव्हरहेड प्रोजेक्टर, ज्याच्यावर सर प्लॅस्टिकचे कागद ठेवून शिकवायचे तो. किलोवर जाणार होता, आम्ही ६०० रुपयांना उचलला. आत २४ व्होल्ट २५० वॅटचा हॅलोजन, नवा ३५० ला मिळाला. १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉक बँडच्या मागे जे वितळणारे रंग दिसायचे, ते याच यंत्रावर काढलेले असायचे, संगणकाचा संबंध नाही.

कृती सांगतो. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या दोन फुगीर काचा घ्यायच्या, एक किंचित लहान. घड्याळवाल्यानं ८० रुपयांना एक दिली आणि “दोन कशाला?” असं तीनदा विचारलं. मोठी काच वाटीसारखी ओएचपीवर ठेवायची. तिच्यात दोन चमचे तेल, मग पाण्यात कालवलेला खायचा रंग थेंबथेंब. पाण्याचा रंग तेलात मिसळत नाही, त्याचे गोळे होतात. वर लहान काच ठेवून बोटानं हलकेच दाबायची. दाबली की गोळे फुटून पसरतात, सोडली की गोळा होतात. हे बासच्या ठोक्यावर करायला लागलात की मागच्या अख्ख्या भिंतीचा श्वास चालू झाल्यासारखा वाटतो. आमच्याकडे हे बास गिटारवाल्याची धाकटी बहीण करते. फार्मसीला आहे, ड्रॉपरवर हात बसलेला. तालाला ती आमच्या ड्रमरपेक्षा पक्की आहे हे इथे लिहून ठेवतो, तो ब्लॉग वाचत नाही.

पडदा म्हणून मच्छरदाणीचं पांढरं कापड, ४५० रुपयांचं, ड्रमच्या मागे सैल टांगलेलं. थोडा उजेड जाळीवर थांबतो, थोडा आरपार भिंतीवर जातो, त्यामुळे रंग दोन थरांत दिसतात. मागचे पार यावेळी जवळजवळ बंदच ठेवायचे, नाहीतर जाळी पांढरी पडते. केबलचे १२०० धरून सगळा हिशोब ११,३६० रुपयांवर आला. स्पीकर स्टँड घरचे होते.

डिसेंबरात मिरजेजवळ उघड्यावर कार्यक्रम होता, चांगलीच थंडी. पहिलं गाणं सुरू झालं, मी पॅड दाबला, जाळीवर नुसता मळकट पिवळा डाग. हलेचना. बहिणीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ओठांनी सांगितलं, “गोठलंय.” आम्ही खोबरेल वापरत होतो. हातात ड्रॉपर धरून ती तशीच बसून राहिली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर खालच्या दिव्यानं काच तापली आणि डागाच्या कडेला एक लाल रेघ सुटली, मग दुसरी, आणि ते सगळं हळूहळू, कुणीही हात न लावता, मधून उघडत गेलं. गायिकेनं मागे वळून बघितलं आणि एक ओळ गायची विसरली.

आता पेटीत सोयाबीनच्या तेलाची बाटली असते. पण जानेवारीतल्या कार्यक्रमाला खोबरेलच आणा, असं गायिकेनं बजावून सांगितलंय.