ऑपरेशन पोटाचं, मग छातीवर प्रोब कशाला?

मी भूलतज्ज्ञ. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "मॅडम, ऑपरेशन पोटाचं, मग छातीची सोनोग्राफी कशाला? बिल वाढवायला?" नातेवाईक हे दबक्या आवाजात विचारतात, सर्जन हसत हसत. बिलात तिचा रुपयाही नसतो.

भूल चढली की काही मिनिटांतच फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मिटतो. बहुतेकांचा नंतर उघडतो. कोणाचा उघडणार नाही, हे स्टेथोस्कोपला उशिरा कळतं. म्हणून छातीचे बारा भाग पाडून सोनोग्राफीने बघायचं, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. 36 पैकी जितके जास्त तितकं वाईट. श्वासपटल किती सरकतं, तेही बघायचं. दहा मिनिटांचं काम.

एसटीतले निवृत्त कंडक्टर होते. जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन, पाच तास. रिकव्हरीत उजव्या कुशीकडून प्रोब मागे सरकवला, तर यकृताच्या वर आणखी एक यकृतच दिसलं. ते फुप्फुस होतं. आतली हवा गेली की तसंच दिसतं. मधलं श्वासपटल सेंटीमीटरभरही हलेना. पण सॅच्युरेशन 97. "डबल बेल द्या की मॅडम, जाऊ द्या वॉर्डात." आयसीयूत खाट एकच उरली होती आणि इमर्जन्सी यायची होती. मी डबल बेल दिली.

तिसऱ्या रात्री अडीचला फोन. काका खाटेवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, दर दोन शब्दांनी थांबत होते. उशाशी श्वास ओढायचं ते तीन गोळ्यांचं खेळणं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेलं. एकोणीस दिवस व्हेंटिलेटर. वाचले. मुलीने एवढंच विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं ना?"

दिसलं होतं. ते 97 ऑक्सिजनच्या मास्कवरचं होतं; त्यावर भुलू नका, असं मीच विद्यार्थ्यांना सांगते. त्या दिवशी सोयीचं वाटलं. पण आयसीयूत ठेवून टळलं असतंच का? कधी वाटतं हो, कधी वाटतं नाही.

पुढे एका आजींना असल्याच चित्रावरून दोन रात्री आयसीयूत ठेवलं. काही झालं नाही. ठेवलं म्हणून झालं नाही, की होणारच नव्हतं? त्यांचं बिल मात्र खरंच वाढलं. मुलगा काउंटरवर नोटा मोजत होता, तेव्हा मी मागच्या जिन्याने उतरले.

आणि मी ज्या दुसऱ्या हॉस्पिटलात जाते, तिथे ओटीला सोनोग्राफीचं मशीन नाही. इथलं उचलून नेता येत नाही. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याने ते नोंदल्या जागेलाच बांधलेलं. तिथले पेशंट मी अजून छातीला स्टेथोस्कोप लावूनच वॉर्डात पाठवते. तिथे मला कोणी काही विचारत नाही.