तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रं काढून त्या सुधारतात का?

हा प्रश्न मला इथे गोव्यात चवथीच्या आरतीनंतर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हातात भाजीची पिशवी असताना विचारतात. ‘तू कोलवाळच्या तुरुंगात बायकांना चित्रकला शिकवतेस ना? सुधारतात का गं त्या त्यानं?’ काही जण आधी प्रस्तावना करतात: आग्वादला जाऊन आलो, जुना तुरुंग काय सुंदर केलाय! २०१५ मध्ये तिथले कैदी कोलवाळला हलवले, २०२१ मध्ये आग्वादचं संग्रहालय झालं. आता लोकांच्या डोक्यात तुरुंग म्हणजे समुद्र, तटबंदी आणि सेल्फी.

आधी ‘सुधारतात’ या शब्दाचा सोक्षमोक्ष लावू. देशातल्या दर शंभर कैद्यांमध्ये बायका जेमतेम चार. आणि एकूण कैद्यांपैकी तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू आहे, गुन्हा शाबीत झालेला नाही. माझ्यासमोर चटईवर बसणाऱ्यांतही कच्च्याच जास्त. जिला कोर्टाने अजून दोषी म्हटलेलं नाही तिला मी ब्रश देऊन सुधारायचं? कशातून? हे मी नणंदेला एकदा तावातावाने सांगितलं, तर ती म्हणाली, ‘अगं, पण आग असल्याशिवाय धूर निघतो का?’ यावर काय बोलणार, मी कोकम सरबत प्यायले.

तिथे काय चालतं तेही सांगते. आम्ही कावी करतो. देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी नक्षी बघितली असेल तुम्ही, तीच. चुन्याचा गिलावा, त्यावर काव मिसळलेला लाल थर, आणि तो ओला आहे तोवर वरचं लाल खरवडून आतलं पांढरं काढायचं. अस्सल कावीला लोखंडी टोच्या लागतो. तो आत नेता येत नाही आणि येऊही नये, म्हणून आम्ही बांबूच्या काड्या घासून टोकदार करतो. भिंतीऐवजी लाकडी फळ्या. चुना हाताला लागून कातडी फाटते, खोबरेल चोळावं लागतं. लाल थर कोणाच्या वाट्याला जास्त आला यावरून जुंपते. एकदा कागदाची माटोळी केली (चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट), तर सुपारीच्या शिपट्याशेजारी एका परदेशी बाईने अननस टांगला आणि तो काढायचा की ठेवायचा यावर अर्धा दिवस गेला. (ठेवला.)

‘रंग हातात घेतला की मन मोकळं होतं’ हे वाक्य मीच एका मराठी दैनिकात लिहिलं होतं, अजून कुणी कुणी ते कात्रण मला पाठवतं. ते लिहिणारी मी खोटारडी नव्हते, पण तिने बघितलेलं अर्धंच लिहिलं. मोकळं होतं, हो. आणि कधी कधी झाकण निघतं ते परत बसत नाही. कायद्याने मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं, मग त्याला बाहेर जावं लागतं. अशा एका आईने मुलाचा चेहरा काढला आणि नंतर वर्गाकडे फिरकलीच नाही. तिच्यासाठी ते औषध होतं की मीठ, मला आजही सांगता येत नाही.

पण खरा प्रश्न लोक त्यापुढे विचारतात: ‘एक तरी उदाहरण दाखव.’ कोलकात्यात अलकनंदा रॉय यांनी कैद्यांना नाच शिकवला, त्यातले काही बाहेर येऊन मंचावर उभे राहिले, तसं तुझं कोण?

आहे एक. सत्तरी तालुक्यातल्या एका गावची. कुठलं कलम, ते सांगणार नाही. हात असा स्थिर की बघत राहावं. देवळातल्या नक्षीतले मोर, वेली सोडून ती स्वतःच्या घराचं न्हाणीघर, चूल, विहिरीवरची रहाट काढायची. एका सकाळी तिला जामीन झाल्याचं कळलं. वर्गात टाळ्या वाजल्या, कुणी तरी फुगडी घातली. अट होती: वीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे तिचं स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. ती खाली बसली आणि म्हणाली, ‘टीचर, म्हाका व्हरपाक कोण येतलो?’ मला न्यायला कोण येणार?

भाऊ होता. त्याने कानावर हात ठेवले. वकील सांगून थकला. भाऊ म्हणे, घर माझ्या नावावर आहे, ते अडकवणार नाही, बायको नको म्हणते. ती मात्र वर्गाला येत राहिली. चित्रकलेच्या कागदावर तिने भावाला पत्र लिहिलं. अक्षरं फार येत नव्हती, म्हणून निम्मं चित्रच: फणसाचं झाड, त्याखाली दोघं लहान, आणि बाजूला बोटाएवढ्या अक्षरांत ‘येशील?’ मला म्हणाली, घेऊन जा. मी नाही नेलं. आतून काही बाहेर न्यायचं नाही हा नियम आहे, एक चिठ्ठी नेली की वर्गच बंद होऊ शकतो आणि बाकीच्या बसतात घरी... म्हणजे आत. पत्र रीतसर तुरुंगातूनच टपालाने गेलं. काही दिवसांनी भावाने एक पिशवी पाठवली. दोन नायटी, एक टॉवेल, पॅराशूटची बाटली. उत्तर एवढंच.

त्या आठवड्यात तिने केलेली फळी माझ्या वर्गातली सर्वांत सुंदर फळी आहे. जुन्या मला विचाराल तर ती म्हणेल, बघा, कलेने तिला सावरलं. मला वाटतं ती वर्गाला आली कारण बराकीत सगळ्या ‘कधी सुटतेस’ विचारत होत्या आणि वर्गात बोलायचं नसलं तरी चालतं. आता हेही ‘सावरणं’च असेल, तर मी वाद घालणार नाही.

ती सुटली ती कागदांमुळे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय: जामीन होऊनही सात दिवसांत कैदी बाहेर गेला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) कळवायचं, महिनाभर जामीनदार मिळाला नाही, तर अट सैल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकतं. तसंच झालं. जामीनदाराची अट गेली, जातमुचलक्यावर सोडलं. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजनाही आली, तेव्हा कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत मदत होती, अमली पदार्थांचे खटले वगळून. चित्रांवर लोक माझ्याशी तासभर बोलतात, यावर एकानेही कधी विचारलेलं नाही.

पुढे ती मला भेटली. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, खोली भाड्याने घेतलीय, मुलगा परत तिच्याजवळ आलाय. मी विचारलं, काढतेस का काही? म्हणाली, ‘वेळ कुठला टीचर? आणि मुलासमोर त्या चित्रांचं काढू नका. शाळेत कळलं तर पोरं त्याला चिडवतील.’ अळीमिळी गुपचिळी, इतकंच तिला हवं. म्हणजे तुम्हाला हवं असलेलं उदाहरण माझ्याकडे आहे, आणि उदाहरण म्हणून उभं राहावं लागत नाही म्हणूनच तिचा संसार उभा आहे. तपशील बदलून हे लिहायला तिने हो म्हटलंय; तेही दोनदा विचारल्यावर, आणि ‘हॉटेल कुठलं ते घालू नका’ असं बजावून.

दोन वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनात एका वक्त्याने कावीवर भाषण ठोकलं: ओरखडा एकदा उमटला की पुसता येत नाही, आयुष्यही तसंच. मी ते वर्गात सांगितलं तर एक म्हातारी म्हणाली, ‘फळी बिघडली तर दुसरी घेतो की आम्ही.’ सगळ्या खदाखदा हसल्या.

यंदा परत प्रदर्शन आहे. आयोजकांना प्रत्येक फळीखाली कार्ड हवंय: नाव नको, पण ‘थोडी कहाणी’. मी नाही म्हटलं. माझ्याबरोबर शिकवणारी मैत्रीण म्हणते, कहाणीशिवाय फळ्या विकल्या जात नाहीत, आणि विकल्याचे पैसे त्यांच्याच खात्यात पडतात. कुणाचा वकील, कुणाच्या मुलाची फी त्यातून निघते. तुझ्या तत्त्वाची किंमत त्यांनी का मोजायची? तिचं बरोबर आहे. वर्गात विचारलं तर निम्म्या म्हणाल्या लिहा, निम्म्या म्हणाल्या नको. छापखान्यात मजकूर पुढच्या सोमवारी द्यायचाय, आणि आमचं दोघींचं अजून ठरत नाहीये.