गाडीतला कॉम्प्युटर आज बंद पडला नाही
आज विजयनगरहून राजवाड्यापर्यंत गेलो आणि गाडीतला कॉम्प्युटर एकदाही रीस्टार्ट झाला नाही, इतका आनंद झालाय ना! महिनाभर चावी फिरवली की स्क्रीन काळी, कारण स्टार्टर फिरताना 12 व्होल्टची बॅटरी क्षणभर पार खाली येते आणि इंजिन चालू झालं की 14 च्या आसपास जाते, साधा सप्लाय टिकणार कसा. आता 6 ते 30 व्होल्टवर चालणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज कमीजास्त झालं तरी कॉम्प्युटरला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय, बसवलाय, वायर थेट बॅटरीवरून आणि फ्यूज तिथेच जवळ, हे विसरू नका रे, शॉर्ट झालं तर वायर पेटते. उष्णतेचं मात्र अजून बाकी आहे. कॉम्प्युटर डिक्कीतून काढून सीटखाली ठेवला, एसीची हवा लागते, पण दुपारी उन्हात उभी गाडी उघडून डब्याला हात लावला तर चटकाच बसला, मग काचा खाली करून दहा मिनिटं थांबलो, तेव्हा कुठे चालू केला.