उरलेला एक तास

शनिवारी दुपारी चारला मी युरोपातल्या एका विमानतळाच्या कडेच्या पार्किंग बेवर मोजायची टेप धरून उभी होते. टेपचं दुसरं टोक ग्राउंड हँडलिंगच्या माणसाकडे होतं आणि आम्ही दोघं लाल गालिचा नेमका कुठून सुरू करायचा ते ठरवत होतो. आपल्या राष्ट्रपतींचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीहून येणार होतं आणि दौऱ्याच्या प्रोग्रॅमची शीट वकिलातीत माझ्याकडे होती. बोइंग ट्रिपल सेव्हनचं पुढचं दार जमिनीपासून साधारण 5 मीटर वर असतं, त्यामुळे पायऱ्यांची गाडी मोठी लागते, ती जिथे टेकते तिथून गालिचा, आणि पुढचं चाक एखादा मीटर मागेपुढे थांबलं तर पाहुण्यांचं पहिलं पाऊल पडतं काँक्रीटवर आणि तोच फोटो सगळीकडे जातो. म्हणून चाकासाठी जमिनीवर पिवळी खूण, गालिच्यासाठी पांढरी. हे सगळं झालं, टेप गुंडाळली, आणि तो माणूस खिशातून माझीच शीट काढून म्हणाला, एक विचारू का, उद्या इथले साडेदहा म्हणजे 0830 झुलू, तुमचं विमान तर 0930 झुलूला येतंय, मग मधला उरलेला एक तास काय करायचं?

झुलू म्हणजे यूटीसी, जगभर एकच धरलेली प्रमाण वेळ. विमानवाले त्याच वेळेत बोलतात. मी आधी हसले, म्हटलं नाही नाही, आपण यूटीसीच्या एक तास पुढे, तुमचा हिशेब चुकलाय. तो अगदी शांतपणे म्हणाला, आज एक तास. उद्या दोन.

मार्चचा शेवटचा रविवार! युरोपात त्या दिवशी घड्याळं तासभर पुढे जातात. 2019 मध्ये युरोपीय संसदेने हा प्रकार बंद करायच्या बाजूने मतदान केलं होतं, पण प्रत्यक्षात काही झालं नाही, घड्याळं आपली वर्षातून दोनदा हलतच राहिली. मला हे माहीत नव्हतं असं नाही. तीन वर्षं तिथे राहत होते, दरवर्षी मायक्रोवेव्हचं घड्याळ बदलत होते. पण आमच्या एक्सेलमध्ये वरच्या कोपऱ्यात एक सेल होता, त्यात मी जानेवारीत लिहून ठेवलं होतं, फरक साडेचार तास. दिल्लीची वेळ टाकली की इथली वेळ आपोआप निघायची. रविवारपासून तो फरक साडेतीन होणार होता आणि त्या सेलला कोणी हात लावला नव्हता, मी तर नाहीच नाही.

आता तुम्ही म्हणाल एवढी माणसं असताना कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही. मलाही तेव्हा हाच प्रश्न पडला होता. दौऱ्याचा मिनिट टू मिनिट प्रोग्रॅम चोवीस वेळा बदलला होता, आम्ही व्हर्जन चोवीसवर होतो, प्रत्येक व्हर्जन किमान दहा जणांनी वाचलेलं. पण सगळे बघतात ते दोन ओळींमधलं अंतर. दार उघडल्यापासून गाडीत बसेपर्यंत पंधरा मिनिटं पुरतील का, हॉटेलच्या लिफ्टला किती वेळ, पुष्पचक्राच्या आधी बूट बदलायचे का. पहिली ओळच चुकीच्या जागी उभी असेल तर खालची सगळी अंतरं बरोबरच दिसतात. विमानाच्या परवानगीचा कागद, ज्यावर यूटीसी छापलेलं होतं, तो होता संरक्षण विभागाकडे. प्रोग्रॅम होता माझ्याकडे. यजमान देशाच्या प्रोटोकॉलवाल्यांनी माझ्या शीटवरून आपली शीट बनवली, पोलिसांनी त्यांच्यावरून आपली. दोन्ही कागद एकाच वेळी ज्याच्या हातात पडले असा पहिला माणूस म्हणजे हा पायऱ्या लावणारा.

खरं सांगायचं तर आमचं निम्मं डोकं त्या महिन्यात कागदांच्या भीतीने भरलं होतं, पण वेगळ्या कागदांच्या. सुरक्षारक्षकांच्या प्रत्येक पिस्तुलाचा नंबर आधी कळवावा लागतो, वायरलेस सेटच्या फ्रिक्वेन्सीची परवानगी, औषधांच्या पेटीची यादी, राष्ट्रपतींच्या रक्तगटाचं रक्त कुठल्या हॉस्पिटलात ठेवलंय ते. शस्त्रांच्या यादीचं प्रकरण तर फार नाजूक. जून 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष रामाफोसा शांतता दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांच्या रक्षकांचं आणि पत्रकारांचं विमान शस्त्रांच्या कागदांवरून वॉर्सातच अडकून पडलं, साहेब पुढे आणि सुरक्षा मागे! असलं काही आपल्याकडे होऊ नये म्हणून आम्ही याद्या तीन तीनदा तपासल्या. घड्याळ कोण तपासणार?

पाचला वीस कमी असताना मी राजदूत साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं, चूक माझ्या शीटची आहे हेही सांगितलं. ते दोनेक सेकंद काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, उद्या घ्यायला आलेले मंत्री तासभर रनवेकडे बघत उभे राहतील म्हणजे. त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला कळलं. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर नोव्हेंबर 2023 मध्ये दोह्याला उतरले तेव्हा घ्यायला येणारे मंत्री वेळेवर पोचले नाहीत आणि ते जवळपास अर्धा तास विमानाच्या दारात हाताची घडी घालून उभे राहिले, ते फोटो जगभर गेले. आमचं त्याच्या बरोबर उलटं होणार होतं, मंत्री खाली आणि विमान अजून आकाशात.

सगळ्यात सोपा उपाय कोणालाही सुचेल तो, विमान एक तास लवकर काढा. दिल्लीत तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते, उड्डाण सकाळी साडेसहाला. राष्ट्रपतींच्या मिलिटरी सेक्रेटरींना फोन गेला आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात नाही म्हटलं. वाटेतल्या प्रत्येक देशाच्या हवाई हद्दीची परवानगी वेळेसकट घेतलेली असते, क्रूच्या ड्युटीचे आणि झोपेचे तास मोजलेले असतात, आणि रात्री दहाला सात देशांच्या ऑफिसांत फोन करून आम्ही लवकर येतोय म्हणणं हे कोणालाच नको असतं. हवाई हद्द ही काही गृहीत धरायची गोष्ट नाही, जुलै 2013 मध्ये बोलिव्हियाचे मोरालेस मॉस्कोहून घरी जायला निघाले आणि विमानात अमेरिकेची गुपितं फोडणारा स्नोडेन असल्याच्या संशयावरून काही देशांनी वाट अडवली, राष्ट्राध्यक्ष असूनही त्यांना व्हिएन्नात उतरून रात्र काढावी लागली. तर विमान आपल्या वेळेला येणार, जमिनीवरचं काय ते तुम्ही बघा, असा निरोप मिळाला.

जमिनीवर हलवण्यासारखी एकच गोष्ट होती. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एक ओळ असते, वॉश अँड चेंज. वाचणाऱ्याला ती फालतू वाटते पण नवख्या माणसाला मी नेहमी सांगते की त्या ओळीला हात लावू नकोस, दौऱ्यातली सगळी हवा तिथे भरलेली असते. आमच्या शीटवर हॉटेलला पोचायचं 11.20 ला आणि जेवण एकला, मध्ये शंभर मिनिटं. तासभर उशिरा पोचलं तर उरतात चाळीस. दुपारचं पुष्पचक्र आणि संध्याकाळचा आपल्या लोकांचा मेळावा जागच्या जागी राहतात. झालं, सुटलं, असं मला दहा मिनिटं वाटलं.

मग पोलिसांचा माणूस आला. कारकेडसाठी, म्हणजे गाड्यांच्या ताफ्यासाठी, नदीकाठचा रस्ता त्यांनी 10.45 ते 11.20 बंद ठेवला होता. आता तो 11.45 ला हवा, आणि साडेअकरा ते साडेबारा तिथून शहराची हाफ मॅरेथॉन जाणार. धावणाऱ्या हजारो लोकांना थांबवून गाड्या काढायच्या का? त्याने मला विचारलं नाही, सांगितलं, की नाही. मग रूट बी. रूट बी कागदावर होता, सगळेच ठेवतात, पण त्यावरून पूर्ण ताफ्याच्या हिशेबाने कोणी गाडी चालवून बघितली नव्हती. रात्री नऊला तो, मी आणि आमचा एएसएलचा, म्हणजे आधी येऊन सुरक्षा बघणाऱ्या टीमचा, माणूस असे तिघं त्याच्या गाडीत बसून निघालो. तो चालवतोय, सिक्युरिटीवाला पूल आणि बोगदे टिपतोय, आणि मी मांडीवर फोनचं स्टॉपवॉच लावून बसलेली. एका बोगद्यात उंच गाडी अडकेल का म्हणून जॅमरची गाडी किती उंच आहे ते विचारायला पुन्हा फोन. सत्तेचाळीस मिनिटं निघाली. म्हणजे हॉटेल 12.32, आणि वॉश अँड चेंज अठ्ठावीस मिनिटं.

हे सांगायला राजदूत साहेबांनी परत फोन केला तेव्हा दिल्लीत मध्यरात्र उलटून गेलेली. अठ्ठावीस? असं पलीकडून दोनदा ऐकू आलं. मग थोड्या वेळाने निरोप आला की चालेल, विश्रांती विमानातच होईल. मला अजून वाटतं की राष्ट्रपतींना कोणी विचारलंच नसेल, झोपले असतील ते, सेक्रेटरींनीच अंगावर घेतलं असणार. अशी माणसं असतात म्हणून हे दौरे चालतात.

वकिलातीत परत आले तर चार जण टेबलाभोवती ग्लू स्टिक घेऊन बसले होते. खिशात मावेल एवढी प्रोग्रॅमची पुस्तिका छापून आलेली, वर सोनेरी राजमुद्रा, दोनशे प्रती, आणि पान तीन पूर्ण चुकीचं. नवीन पान त्याच मापात प्रिंट करून, कापून, जुन्यावर चिकटवायचं चाललं होतं. अकाउंट्सचे सर, ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नाही, बाह्या वर करून पट्टीने कडा दाबत होते. डेलिगेशनसाठीचा गठ्ठा तर आधीच दिल्लीला गेला होता, विमानातले लोक चुकीचं पान तीन घेऊनच येणार, त्यांना ग्रुपवर नवीन पानाचा फोटो टाकला. मग प्रत्येक ड्रायव्हरला, प्रत्येक लायझन ऑफिसरला, फुलवाल्याला, हॉटेलच्या लिफ्टवाल्याला, सामानाच्या ट्रकला एकेक करून फोन. नुसता मेसेज नाही. समोरच्याने नवीन वेळ स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवली की मगच टिक.

रात्री दोनच्या जरा आधी मी कंट्रोल रूममध्ये एकटी होते. एक गंमत तेव्हा लक्षात आली, दिल्लीचे साडेसहा म्हणजे 0100 झुलू आणि युरोपातली घड्याळं पुढे जातात तीही बरोबर 0100 झुलूला. म्हणजे विमान उडणार त्याच क्षणी इथला तास गायब होणार. फोन समोर ठेवून बघत बसले. 1.59 होते, मग एकदम 3.00. दोन कधी वाजलेच नाहीत. आणि 3.04 ला मेसेज आला, व्हील्स अप.

सकाळी सगळं झालं तसं झालं. मंत्री 11.15 ला आले, चाक पिवळ्या खुणेच्या थोडं मागे थांबलं पण गालिचा पुरला, दार 11.31 ला उघडलं. मला त्यातलं फार आठवत नाही. आठवते ती एक मुलगी. पुष्पगुच्छ द्यायला आमच्याच एका कलीगची आठ वर्षांची मुलगी ठरली होती. ती ना डेलिगेशनच्या यादीत, ना लायझनच्या, ना ड्रायव्हरच्या, त्यामुळे तिच्या घरी फोन करायचा राहून गेला. माझ्याकडूनच. सिक्युरिटीसाठी तासभर आधी या असं सांगितलेलं, म्हणून मायलेकी साडेनऊलाच येऊन बसल्या. मी दहाला व्हीआयपी लाउंजमध्ये शिरले तर मुलगी सोफ्यावर आडवी, गाढ झोपलेली, अंगावर नवा कोरा फ्रॉक, आणि तिची आई तो चुरगळू नये म्हणून त्याची कड हातात धरून बसलेली. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, असू दे मॅडम, रात्रीचा एक तास गेला ना, तो घेतेय भरून.

सव्वाअकराला उठवलं. डोळे चोळत पायऱ्यांपाशी गेली, गुच्छ दिला, राष्ट्रपतींनी वाकून नाव विचारलं, नाव सांगितलं आणि वर एक मोठी जांभई दिली. तो फोटो मी कुणाला पाठवला नाही, माझ्याकडेच आहे.

मंगळवारी निघायच्या शीटवर मी सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, झुलू टाइम टाकला होता, शेजारी इथली वेळ, शेजारी दिल्लीची. ग्राउंड हँडलिंगच्या त्या माणसाने शीट घेतली, तिन्ही रकाने बोट फिरवून बघितले, घडी करून खिशात ठेवली. काही बोलला नाही. विमान उडाल्यावर लगेच निघता येत नाही, काही बिघाड होऊन परत फिरलं तर घ्यायला माणसं जागेवर लागतात, म्हणून आम्ही वीसेक मिनिटं तिथेच रेंगाळलो. तेवढ्यात त्याने पोरांना हाक मारली, गालिचा गुंडाळायला लावला, आणि खिशातून माझी मोजायची टेप काढून परत दिली, शनिवारी त्याच्याकडेच राहिली होती.