काकी समोरच बसल्या होत्या

झोप येत नाहीये. काल नेरूळला माझ्या माहितीपटाचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, लोकांना दाखवला, तेव्हापासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. बघायला आलेली एक बाई मनापासून बोलत होती, डोळे भरून आले होते तिचे. "किती साधं, सुंदर जगणं आहे हो यांचं! खरंच हेवा वाटतो." ज्यांच्यावर फिल्म आहे त्या काकी तिसऱ्या रांगेत, ठेवणीतली साडी, अबोलीचा गजरा. हसल्या आणि चहाचा कप उचलला.

मला एवढं का लागावं? बोलणं काकींबद्दल होतं, माझ्याबद्दल नव्हतं.

फिल्म साधेपणाबद्दलच आहे. शहर चहूबाजूंनी अंगावर येतंय, खाडी बदलतेय, आणि माणसं थोडक्यात कशी भागवतात, ते मला बघायचं होतं. पण काकींचं थोडकं आलं कुठून? नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या, त्यात सासऱ्यांचं खाजण, खाडीकाठची खारी जमीन, गेलं. होडी विकली ती वेगळ्याच कारणाने, त्यावर त्या बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. राहिला चिखल. ओहोटीला त्या गुडघाभर चिखलात उतरतात, बिळात कोपरापर्यंत हात घालतात. त्या शॉटमध्ये पहिल्यांदा वेफरचं पाकीट हाताला येतं. ते कमरेच्या पिशवीत कोंबून पुन्हा हात आत. मग चिंबोरी, खाडीतला खेकडा. नांग्या सुतळीने बांधताना त्या बोटांकडे बघतसुद्धा नाहीत. मागे पाम बीच रोडवरच्या गाड्यांचा आवाज आहे, तो मी मुद्दाम ठेवलाय. हे बघून हेवा?

फ्लेमिंगोंचंही असंच होतं. 2015 ला अभयारण्य झालं, 2022 ला ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. मला त्याचा आनंद आहे, मनापासून. पण ऐरोलीच्या बोटीतून तो गुलाबी पट्टा बघून लोक म्हणतात, खाडी किती छान आहे! लहान फ्लेमिंगो ज्या शेवाळावर जगतो, ते सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर माजतं. पक्षी पोटभर खातात आणि काकींना मासळी मिळत नाही, दोन्ही एकाच पाण्यात. उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापली, नदी वळवली, तेही इथून फार लांब नाही. एका फ्रेममध्ये हे सगळं कसं बसवायचं?

आणि बसवून तरी काय. फिल्मसाठी ज्यांच्याकडे निधी मागितला होता त्यांची मेल आली, विषय "महत्त्वाचा" आहे म्हणे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. कॅमेऱ्याचं भाडं थकलंय. साउंडवाला मित्र पैसे मागत नाही, त्याचं ओझं वेगळंच. बाबांशी अजून बोलणं झालेलं नाही. बरोबरीच्या सगळ्यांची घरं झाली आणि मी अजून हार्ड डिस्क कुठली घ्यायची याचा हिशेब करतेय. काल घरी येताना लोकलमध्ये रडू आलं, ते त्या बाईमुळे की या सगळ्यामुळे, मला सांगता येणार नाही.

पण तिला हेवा वाटला, तर तिला काहीतरी हवंय. दिवसभर एसीत बसून, दोन तास प्रवास करून ती आली होती. मोकळं आभाळ, हाताला काम, कुणाचा फोन नाही, असं तिला दिसलं असेल. तेही काकींकडे आहेच. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लांबवर जाते, तेव्हा काकी खूश असतात, गाणी म्हणतात. ते मी पाहिलंय आणि शूटही केलंय. तिने खोटं काही पाहिलं नाही.

आज दुपारी काकींना फोन केला, विचारलं वाईट वाटलं का. "कशाला गो? चांगलं बोलली बिचारी." मग थोडं थांबून, "पण भाव टाक त्यात. लोकांना वाटतं चिंबोरी फुकट येते."

बाजाराचा भाग लांबतो म्हणून काढला होता. रिक्षाचं भाडं, पाटीची जागा, घासाघीस करणारं गिऱ्हाईक, संध्याकाळी उरलेला माल अर्ध्या किमतीत. तो परत घेतेय, चिखलाच्या शॉटला लागूनच. फिल्म सहा-सात मिनिटांनी वाढेल. अवसेला चिंबोऱ्या भरलेल्या असतात, भावही बरा मिळतो, तेव्हा एकदा पुन्हा शूट करायचं म्हणतेय. साउंडवाल्याला सकाळी विचारते.